वापरलेलं फावडं

१

विष्णुपुरीच्या कॉलेजातून रेणुकादास दुपारी घरी यायचा, हातपाय धुवायचा, सकाळची पोळीभाजी खायचा आणि मागच्या खोलीत जाऊन आडवा व्हायचा. फेब्रुवारी सरत आला होता. नांदेडचं ऊन अजून भाजत नव्हतं, पण पुढची खोली आणि स्वयंपाकघर दोन्ही तापायला लागली होती. मागची खोली मात्र माठातल्या पाण्यासारखी गार असायची. तिथं घरमालकाचा लोखंडी पलंग होता, त्यावर कापसाची जुनी गादी. झोप झाली की तो चहा करायचा, पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसायचा आणि उजेड असेपर्यंत रणगाड्याचं काम करायचा.

यंत्ररेखांकन शिकवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बायको सौदामिनी लातूरला शाळेत शिकवायची. लातूरचं घर स्वतःचं, नांदेडचं भाड्याचं. कधी शनिवारी ती यायची, कधी तो जायचा. मुलगी मृण्मयी पुण्यात नोकरीला होती. बाबा एकटे काय करत असतील म्हणून तिनंच वाढदिवसाला रणगाड्याची छोटी प्रतिकृती जोडायचा तो संच पाठवला होता. प्रमाण पस्तीसास एक, म्हणजे खरा जवान त्या हिशेबात अंगठ्याएवढा भरावा.

रणगाडा जोडून झाला आणि रेणुकादासला खोड लागली. संचातले बारके भाग त्याला पटेनात. जाड, गुळगुळीत, खेळण्यातले वाटत. तो ते कापून टाकायचा आणि तेच भाग स्वतः करायचा. मोटारीच्या वाइंडिंगची तार पिळून ओढायचा दोर झाला. जुनं सिमकार्ड कापून अवजारांची पेटी झाली. इंजेक्शनच्या सुईचे तुकडे धुराची नळकांडी म्हणून शोभले. मे महिन्यात हैदराबादला अशा प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं, तिथं तो रणगाडा न्यायचा होता. प्रवासात काही हलायला नको म्हणून चाकं, पट्टे, वरचा फिरता मनोरा, सगळं त्यानं चिकटवून पक्कं केलं. तोफेची नळी नाकासमोर सरळ.

त्या दिवशी त्यानं फावडं केलं. दांडा उदबत्तीच्या काडीचा, तासून तासून बारीक केलेला. पातं मलमाच्या रिकाम्या ट्यूबच्या पत्र्याचं. फावडं इतकं लहान की बोटांत धरता येईना, चिमट्यानंच उचलावं लागे. रंग द्यायचा राहिला आणि उजेड गेला. रणगाड्याच्या बाजूच्या फळीवर, कागदी पट्ट्यांत ते अडकवून तो उठला.

दुसऱ्या दिवशी रंगाची कुपी उघडून त्यानं फावडं चिमट्यात धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं. दांडा पांढरा नव्हता. दोन ठिकाणी काळपट झाला होता आणि तिथं त्याला चकाकी आली होती. शेतातल्या जुन्या फावड्याच्या दांड्याला हात लागून लागून जशी झिलई येते तशी. एक जागा पात्याजवळ, एक वर. बरोबर दोन हातांच्या जागा.

२

त्यानं स्वतःची समजूत घातली. बोटांना तेल असेल. चहाचा हात लागला असेल. पण बोटांनी त्यानं ते धरलंच नव्हतं.

त्यानं दुसरं फावडं केलं. दांडा पांढराशुभ्र, पात्याचे कोपरे काटकोनात. पत्र्याच्या कामात तो काटकोन सोडत नसे. ते त्यानं जुन्याच्या जागी अडकवलं. पुढच्या दुपारी झोपून उठल्यावर चहासुद्धा न करता आधी टेबलाशी गेला. पात्याचा एक कोपरा झिजून गोल झाला होता आणि कडेला ओली माती होती.

खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती. तिच्या मातीत, देठाशी, बोटाचं टोक मावेल एवढा खड्डा होता. कडा सरळ कापलेल्या. उंदीर असा खड्डा करत नाही. मुंगीही नाही. रेणुकादास बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते भय नव्हतं, संशय होता. कोणीतरी आपली गंमत करतंय. आणि जो कोणी आहे, त्याचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे, हे त्याला जास्त लागलं.

घराची किल्ली तिघांकडे होती. त्याच्याकडे, सौदामिनीकडे आणि झाडूफरशी करणाऱ्या शिवम्माकडे. शिवम्मा देगलूरकडची, सौदामिनीला ती अम्मा म्हणायची. दुपारी तो झोपलेला असतानाच ती यायची, काम करून निघून जायची.

"शिवम्मा, त्या टेबलावर झाडता का तुम्ही?" एका दुपारी मुद्दाम जागं राहून त्यानं विचारलं.

"न्हाई सर. अम्मांनी पहिल्या दिवशीच सांगितलंय, त्या टेबलाला हात लावायचा न्हाई."

"तुमच्याबरोबर कोणी येतं का आत?"

शिवम्मानं केरसुणी भिंतीला टेकवली. "माझ्याबरोबर कोण येणार?" मग जरा थांबून म्हणाली, "मीच तुमाला इचारणार होते. त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर माती कोण टाकून राहिलंय? रोज झाडते, रोज असते. रेघ वढल्यावानी. मातीत बारकी बारकी चिंधी बी असते."

"मला काय माहीत?"

"मग मला कसं म्हाईत असणार?" ती म्हणाली आणि फडकं पिळायला निघून गेली.

चोराच्या उलट्या बोंबा, असं रेणुकादासला वाटलं. आपण काही विचारायच्या आत तिनंच मातीचा विषय काढला.

३

शनिवारी सौदामिनी आली. लातूरच्या बसनं अंग आंबलेलं, तरी चहा झाल्या झाल्या ती टेबलाशी आली. तिला या उद्योगाचं कौतुक होतं, निदान पूर्वी होतं.

रेणुकादासनं फावडं तिला भिंगातून दाखवलं.

"किती खरं वाटतंय," ती म्हणाली. "वापरलेलं वाटतंय अगदी."

"मी नाही केलं तसं."

"मग कोणी केलं?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. सौदामिनी एके काळी बारीक टाक्यांचं भरतकाम करायची. तांदळावर नाव काढायची. असं काम जमणारं माणूस त्याच्या ओळखीत दुसरं नव्हतं.

"माझ्याकडे काय बघताय? मला आता सुईत दोरा ओवता येत नाही." ती हसली. मग वाकून बघत म्हणाली, "पण तोफ अशी का वळवलीत? सरळ छान दिसत होती."

रेणुकादासनं बघितलं. मनोरा वळलेला होता. तोफेची नळी पुढच्या खोलीतून, बोळातून, थेट मागच्या खोलीच्या दाराकडे रोखलेली होती. त्यानं बोटानं मनोरा दाबून पाहिला. हलेना. त्यानं लावलेला गोंद जसाच्या तसा होता, कडक, कुठं तडा नाही, कुठं खरवडल्याची खूण नाही. मुळातच तसा चिकटवल्यासारखा.

"तुम्हीच लावला असेल असा. विसरला असाल."

"मी विसरत नाही."

"बरं."

"तुला मी इथं नकोच आहे," तो एकदम म्हणाला. "नोकरी सोडून लातूरला यावं म्हणून तुझं चाललेलं असतं. त्यासाठी हे असले खेळ कशाला? सरळ बोल ना."

 भिंग सौदामिनीनं टेबलावर ठेवलं, जपून, आवाज न करता. रात्रीचं जेवण टीव्हीच्या आवाजात झालं. रविवारी बसस्टँडवर गाडीत चढताना ती म्हणाली, "दुपारी फोन केला तर उचलत जा."

"झोपलेला असतो."

"रोज?"

"रोज."

तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. नवरा दुसऱ्या गावात राहतो त्या बाईनं बघावं तसं. बस निघाली.

४

आता त्याला झोप लागेना. पलंगावर पडलं की उघड्या दारातून, बोळाच्या त्या टोकाला, तोफेचं काळं तोंड दिसायचं. टिंबाएवढं, पण थेट त्याच्यावर धरलेलं. आपण झोपतो तिथंच नेम का, हे त्याला कळत नव्हतं.

एका दुपारी त्यानं ठरवलं, झोपेचं सोंग घ्यायचं आणि चोर पकडायचा. भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला. कुलूप वाजलं. शिवम्माच्या बांगड्या, बादलीत पडणारं पाणी, पुढच्या खोलीत फिरणारी केरसुणी. टेबलापाशी ती थांबली नाही. पावलं बोळातून मागच्या खोलीकडे आली, दाराशी थबकली आणि घाईनं परत फिरली.

रेणुकादास उठून बाहेर आला. "आत का आला नाहीत?"

शिवम्मा खाली बघत राहिली. "तुमी झोपलेले असताना मी आत येत न्हाई."

"का? मी खातो का तुम्हाला?"

"तसं न्हाई सर."

"मग?"

"तुमच्याजवळ कोणी असतं तवा मी कशाला यायचं?" ती हळू आवाजात म्हणाली. "मी गरीब बाई. मला काय करायचंय? अम्मांना मी काय बी सांगितलं न्हाई."

रेणुकादासच्या कानशिलांत रक्त चढलं. "कोण असतं माझ्याजवळ?"

"मला काय म्हाईत? डोक्यावरून पांघरूण असतं. आत्ता बी व्हतं."

त्यानं मागं वळून पाहिलं. पलंग रिकामा होता. पांघरूण पायथ्याशी पडलेलं.

त्याला वाटलं, आता सगळं कळलं. या बाईला काहीतरी हवंय. आधी सामानाची छेडछाड, मग माती, आणि आता ही घाण. "किल्ली ठेवा," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नका."

शिवम्मानं पदराच्या गाठीतून किल्ली सोडली, टेबलाच्या कडेवर ठेवली. भांडली नाही, रडली नाही. जाताना दाराशी चपला घालत म्हणाली, "अम्मांना मी माझ्या तोंडानं सांगीन आता. माझ्यावर आळ नको."

ती गेल्यावर तो मागच्या खोलीत आला. गादीवर भिंतीच्या बाजूला त्याच्या अंगाचा खळगा होता, रोजचा. बाहेरच्या बाजूला दुसरा होता. उथळ, पण खांदा कुठं, कंबर कुठं, हे कळावं इतका. गादी जुनी आहे, त्यानं विचार केला. घरमालकाची आहे. आधी कोण कोण झोपलं असेल. त्यानं चादर ताणून बसवली आणि हातानं गादी थोपटून सपाट केली.

दुसऱ्या दिवशी तो तिथंच झोपायला गेला. न जाणं म्हणजे शिवम्माचं खरं मानणं होतं. भिंतीकडे तोंड केलं. रंगाचा एक ओघळ भिंतीवर वाळलेला होता, त्यावर नजर ठेवली. बराच वेळ काही झालं नाही. मग पाठीमागं गादी खचली. इतकी सावकाश, की आपणच हललो असं म्हणता यावं. त्याची पाठ जराशी त्या बाजूला कलली. ऊब नव्हती. श्वासाचा आवाज नव्हता. फक्त वजन होतं.

वळून बघणं एवढंच करायचं होतं. कॉलेजातल्या मुलांना तो नेहमी सांगायचा, मोजल्याशिवाय बोलू नका. पण तो वळला नाही. गल्लीतून भंगारवाल्याचा भोंगा ओरडत गेला तेव्हा त्यानं पाय गोळा केले, मागं न बघता पायथ्याकडून सरकत तो उतरला आणि तसाच बाहेर पडला.

५

गुरुवारी रजा टाकून तो स्कूटरवरून अर्धापूरला गेला. घरमालक साहेबराव तिथं राहायचे. केळीच्या बागेत घड उतरवणं चाललं होतं. गाडीत खाली पाला अंथरून वर घड रचत होते. साहेबरावांनी बाजेवर त्याला बसवलं, पाणी दिलं.

"घराची आणखी एखादी किल्ली कोणाकडे आहे का, विचारायला आलो," रेणुकादास म्हणाला.

"न्हाई सर. जेवढ्या होत्या तेवढ्या तुमालाच दिल्या. काय गेलं बिलं काय घरातून?"

"गेलं नाही काही. कोणी आत येऊन जातं असं वाटतं."

"कोण येणार?" साहेबरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.  मग उगाच विचारल्यासारखं विचारलं, "दुपारचं मागं झोपता का हो?"

"हो. थंड असते ती खोली."

"हाव. लई थंड हाय." ते उठले, टोपी झटकली. "मी बांधली तवा नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय न्हाई. उगं बोललो. पुढं पंखा हाय की, पुढं झोपत जा." आणि त्यांनी गड्याला हाक मारली, "एक चांगली फणी काढ रे सरांसाठी."

रेणुकादासनं दोनदा पुन्हा विचारलं. साहेबराव केळीच्या भावाबद्दल बोलत राहिले. ह्यालाही काहीतरी माहीत आहे, हाही सामील आहे, असं घोकत तो परत फिरला. स्कूटरच्या पायाशी केळीची फणी हिंदकळत होती. सगळ्यांचा त्याला संशय होता. एका खोलीचा संशय घ्यायला मात्र मन तयार नव्हतं.

६

दाराबाहेर सौदामिनीच्या चपला होत्या.

शनिवार नव्हता. ती सांगितल्याशिवाय कधी येत नसे. तरी त्या चपला बघून त्याला इतकं बरं वाटलं, की तो दार लोटून तसाच आत गेला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात केळी.

"सौदामिनी?"

उत्तर आलं नाही. मागच्या खोलीत पलंग करकरला. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा.

तो पुढं निघाला आणि टेबलापाशी थांबला. रणगाडा जागेवर नव्हता. टेबलाच्या मागच्या कडेला, भिंतीला पाठ लावून उभा होता. चिकटवलेल्या पट्ट्यांच्या खुणा टेबलावरच्या धुळीत उमटलेल्या होत्या, एकेका दातासकट. तांब्याच्या तारेचा दोर सोडवून त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलेलं होतं. वेळ आली तर मागं ओढून घ्यायला. मनोऱ्यावरची झाकणं त्यानं उघडी ठेवून चिकटवली होती. ती बंद होती. आतून ओढून घेतल्यासारखी घट्ट.

तोफ मात्र तिथंच रोखलेली होती. तिच्या नेमानं त्याची नजर बोळातून गेली, उंबऱ्यावर खिळली.

उंबऱ्यावर पोती रचलेली होती. मातीनं भरलेली, बँडेजच्या जाळीदार कापडाची, तोंडं दोऱ्यानं बांधलेली, प्रत्येक पोतं हरभऱ्याच्या दाण्याएवढं. चांगला गवंडी वीट रचतो तशी, सांध्यावर सांधा न येऊ देता, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. शिवम्मा रोज झाडायची ती हीच माती, हीच चिंधी. ती यायची बंद झाल्यापासून कोणी झाडलं नव्हतं, आणि म्हणून बांध उभा राहिला होता.

रेणुकादास केळी हातात धरून उभा राहिला. ज्याला आत घुसायचं असतं तो वाटेवर बांध घालत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. बांध खोलीच्या बाहेर होता. आत काही होतं, ते आत राहावं म्हणून. इतके दिवस तो ज्याला आपल्यावरचा नेम समजत होता, तो त्याच्यावर नव्हताच. तो त्याच्या शेजारच्या जागेवर होता.

आणि मधोमध बांध फुटलेला होता. पावलाएवढा. पोती चिरडली होती, माती आतल्या बाजूला सांडली होती. कोणीतरी नुकतंच आत गेलं होतं.

"आलात का?" सौदामिनी डोळे चोळत दाराशी आली. केस सुटलेले, गालावर चादरीची वळी. ती हसत होती. असं हसताना त्यानं तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. "कधी उठून गेलात? मला कळलंसुद्धा नाही."

रेणुकादासनं हातातली केळी टेबलावर ठेवली.

"केळी आणायला गेला होतात? उन्हाचं?" तिनं चौकटीला हात टेकला. "रागावू नका हं. शिवम्माचा फोन आला होता. तिनं जे सांगितलं ते मला खरं वाटलं नाही. पण राहवलंही नाही, आले. मनाची तयारी करून दार उघडलं, आत डोकावले, तर तुम्ही आपले एकटे झोपलेले. डोक्यावरून पांघरूण घेऊन, लहान मुलासारखे. मला रडूच आलं. माझंच मन किती घाण, असं वाटलं. मग तुम्हाला उठवलं नाही, शेजारी पडले."

"सौदामिनी…"

"झोपेत तुम्ही हात धरलात माझा. कधीपासून धरला नव्हता." ती जरा लाजली. "पण किती गार झालाय हो हात. डॉक्टरांना दाखवा एकदा."

तो मी नव्हतो, एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द त्याच्या जिभेपर्यंत आले. पण मग ती विचारणार होती, कोण होतं. आणि दोन तऱ्हेची उत्तरं होती. एक ऐकून ती पुन्हा कधी त्याच्यावर विश्वास ठेवणार नव्हती. दुसरं ऐकून पुन्हा कधी झोपणार नव्हती.

"हो," तो म्हणाला. "दाखवतो."

"हे काय, किती माती इथं," म्हणत सौदामिनी उंबरा ओलांडून बाहेर आली. तिच्या टाचेखाली उरलेली पोती रव्यासारखी चुरडली.

त्यानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. पलंग रिकामा होता. पांघरुणाची घडी, गादी सपाट, एकही खळगा नाही. खोलीत कोणीच नव्हतं, आणि त्याचंच त्याला सगळ्यांत जास्त भय वाटलं.

७

"आजच लातूरला जाऊ," तो म्हणाला. सौदामिनीला आनंद झाला, तिनं कारण विचारलं नाही. एक पिशवी भरली, कुलूप लावलं. रणगाड्याला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

बसमध्ये तिघांच्या बाकावर ते दोघं बसले. तो खिडकीशी, ती मध्ये. अहमदपूरला गाडी खच्चून भरली, माणसं उभी राहिली. एक म्हातारी हातातलं बोचकं सावरत त्यांच्या बाकाशी आली, तिसऱ्या जागेवर बसायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच थांबली. मग सरळ झाली, दांडा धरला आणि लातूर येईपर्यंत उभीच राहिली. सौदामिनीला गाढ झोप लागली होती. तिचं डोकं रेणुकादासच्या खांद्यावर नव्हतं. दुसऱ्या बाजूला कललं होतं आणि पडत नव्हतं.

महिन्याभरात त्यानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. शिवम्माला फोन करून माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. "मला दुसरं काम लागलंय सर," ती म्हणाली, "तुमी अम्मांना जपा."

घराची किल्ली त्यानं कुरियरनं साहेबरावांकडे पाठवून दिली. मग त्यांचा फोन आला. "सर, सामान कवा नेता? कपडे, भांडी हायत. आन् टेबलावर ती लढाईची गाडी हाय तुमची. लई बारीक काम केलंय हो."

"असू द्या तिथंच."

"असू द्या तर असू द्या." साहेबराव हसले. "पण तिची तोफ आमच्या दारावर कशाला रोखून गेलात?"

"कुठल्या दारावर?"

"पुढच्या. तुमी दोघं गेलात त्या."

रेणुकादासनं फोन ठेवला. सौदामिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत गुणगुणत होती.

८

लातूरला सगळं ठीक चाललं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. सौदामिनी चिडत नव्हती. तो कुठं गेला, का गेला, विचारत नव्हती. शाळेला सुटी लागली तशी ती रोज दुपारी झोपायला लागली, आणि उठली की चेहरा ताजा, समाधानी. "तुम्ही इथं आलात ते फार बरं झालं," ती म्हणायची. तो बघत राहायचा. आता त्याचा संशय तिच्यावर होता, आणि तो कशाचा संशय आहे हे स्वतःशीही बोलता येत नव्हतं.

तो स्वतः दुपारी झोपत नसे. बाहेरच्या खोलीत खुर्चीत पेपर घेऊन बसायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी पाणी प्यायला उठला तेव्हा शयनगृहाचं दार अर्धं उघडं होतं. खिडकीचे पडदे ओढलेले, तरी भगभगीत उजेड आत झिरपत होता. सौदामिनी दाराकडे तोंड करून झोपली होती, पलंगाच्या अगदी कडेवर. एक हात खाली लोंबत होता. जराशी हलली असती तरी फरशीवर आली असती. तिच्या मागं रुंद पलंग सगळा मोकळा होता. पांढरी चादर भिंतीपर्यंत पसरलेली.

रेणुकादास दारातच थांबला. 

"सौदामिनी," तो हलकेच म्हणाला. "आत सरक. पडशील."

तिनं डोळे उघडले नाहीत. झोपेतच कपाळाला आठी घातली आणि कोपरानं पाठीमागं ढोसलं. रागानं नाही, सवयीनं, लाडानं.

"तुम्हीच सरका ना थोडं तिकडे," ती पुटपुटली.

तिच्या पाठीमागची चादर हातभर भिंतीकडे सरकली.